निकोलासा मावशीनं विणलेला गालिचा

आमच्या काराकासमध्ये माणसाची पायरी देवळात कळायची. कोकोच्या मळेवाल्यांच्या बायका गुलामाच्या खांद्यावरून गालिचा आणवायच्या आणि त्यावर गुडघे टेकायच्या. बेटांवरून आलेल्या गरीब गोऱ्या दुकानदारांच्या बायकांना गालिचा चालत होता, पण परवडत नव्हता. आम्ही पार्दो, मिसळीच्या रक्ताचे. आमच्या गुडघ्यांना उघडी फरशी, तसा कायदाच होता. आणि ते सगळे गालिचे विणायचं कोण, तर माझी निकोलासा मावशी. तीही पार्दोच.

त्या वर्षी आमच्यातल्या एका वैद्यानं राजाकडून कागद विकत आणला: यापुढं हा आणि याची बायको गोरी धरावीत. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको, प्लासिदा, आमच्या मावशीच्या मागापाशी हजर. "मावशी, लाल काठाचा विण."

बातमी फुटली. कोकोवाल्यांची खेरोनिमाबाई स्वतः दारात आली.

"निकोलासा, तिचं काम केलंस तर आमच्यातली एकही तुझ्याकडे येणार नाही. काय खाशील मग?"

"आत्ता खाते तेच, बाईसाहेब. उकडलेली केळी."

"फरशीवरची माणसं फरशीवरच शोभतात."

मावशीनं धोटा थांबवला नाही. "माझे हात वीस वर्षं तुमच्या गुडघ्यांखाली आहेत, बाईसाहेब. आता आणखी कुणाच्या गुडघ्यांखाली जातील, एवढंच."

ती गेल्यावर मी रडकुंडीला आले. "मावशी, अगं घरात पाच तोंडं!"

"मग पाचही बंद ठेवा. मला विणू दे."

रविवारी मावशीबरोबर आलेली प्लासिदा देवळाच्या दारातच थिजली. तिची मोलकरीण गालिचा छातीशी धरून मागं उभी होती. आतल्या बायकांच्या हातातले पंखे थांबले, माना वळल्या.

"मावशी, परत जाऊ या गं."

"कागद आणताना भ्यायली नाहीस, आणि आता गुडघे टेकायला भितेस, भवाने?"

मावशीनं गालिचा ओढून खांद्यावर टाकला, मधल्या वाटेनं नेला आणि थेट खेरोनिमाबाईच्या शेजारी अंथरला. एक सुरकुती राहिली होती, ती वाकून सारखी केली. "बस." प्लासिदानं गुडघे टेकले. मावशी काठाबाहेर, फरशीवर टेकली. पाठ ताठ.

कामं खरंच बंद झाली. मावशीनं खेचरांच्या पाठीवरची जाडीभरडी घोंगडी विणून आम्हाला जगवलं. मक्याची भाकर पातळ झाली. पण ती बाजारात आली की खेचरवाले बाजूला सरायचे. "निकोलासाबाईंना वाट द्या रे!"

"सरकताय काय मेल्यांनो, मी काय उधळलेलं खेचर आहे?" मावशी खेकसायची. चालायची मात्र रस्त्याच्या मधोमध.