मंडळाचं खातं आणि आमचा लायल

आमचा जावई लायल नेब्रास्कातल्या मक्याच्या गावचा. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नात्सुएशी लग्न करून तो जपानात, आमच्या यावाताहामाला आला आणि आमच्या दुकानात माशाच्या वड्या तळायला लागला. वड्या माझ्यापेक्षा बऱ्या तळतो. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

त्याला एकच आजार, अमेरिकेचा. इथला कर इथे चोख भरतो, तरी दर वर्षी तिकडेही सगळी मिळकत कळवतो. अमेरिकन माणूस कुठेही राहो, त्याला हे चुकत नाही म्हणे. शिवाय इथल्या बँकखात्यांतली शिल्लक मिळून दहा हजार डॉलरच्या वर गेली, की तीही कळवायची. माझी काळजी एवढीच असायची, की एखाद्या वर्षी हा विसरेल आणि कोणीतरी विमानातून उतरून आमच्या कढईपाशी उभा राहील.

गेल्या डिसेंबरात गल्लीच्या मंडळाचं खजिनदारपद पाळीने आमच्या घरी आलं. लायलला कोण आनंद! मंडळाच्या खात्याचा लाकडी शिक्का, जो इथे बँकेत सहीऐवजी चालतो, तो त्याने सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि दिवसभर खिसा चाचपत राहिला. तिसऱ्या दिवशी मात्र तो कढईसमोर थिजला. वड्या काळ्या पडल्या.

"आई, ज्या खात्यावर माझा शिक्का चालतो, ते खातं माझं नसलं तरी मला कळवावं लागतं."

"मंडळाचं? पालखीच्या पैशांचं?"

"हो."

"मग नात्सुएला कर खजिनदार. ती कुठे अमेरिकन आहे? पाळी घराची आहे, तुझी नव्हे."

"तसं केलं तर मी जन्मभर पाहुणाच राहीन, आई."

"मग गुपचूप कळव. कोणाला कळणारे?"

"मला कळेल ना. पैसे त्यांचे आहेत. विचारायला नको?"

नात्सुए आतून ओरडली, "आई, त्याच्या नादी लागू नकोस. तो माशालाही विचारून तळतो!"

मंडळाच्या बैठकीला मीही गेले. लायलने उभं राहून सगळं सांगितलं: कर एक येनही लागणार नाही, फक्त खात्याचं नाव आणि वर्षातली सगळ्यात मोठी शिल्लक कळवायची. अध्यक्ष सेइकेकाकांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "विचार करू."

आमच्याकडे 'विचार करू' म्हणजे नाही. माझ्या डोळ्यांसमोर नात्सुएचं बिऱ्हाड गल्लीतून उठलंसुद्धा.

तेवढ्यात नव्वदीच्या निनोमियाआजींनी विचारलं, "वरच्या आळीच्या मंडळाचं खातं माहितीये का अमेरिकेला?"

"नाही, आजी. त्यांच्यात अमेरिकन कोणी नाही."

"म्हणजे फक्त आपलंच?"

"फक्त आपलंच."

सेइकेकाकांचा पेला हवेतच थांबला. "शिल्लक किती कळवणार?"

लायलने आकडा सांगितला.

"शी! एवढीशी? इज्जत काढशील आमची. अरे, पुढच्या सप्टेंबरची उत्सवाची वर्गणी आत्ताच गोळा करा!"

"काका, कमी असली तरी चालते."

"तुला चालते. ती वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"आपली पालखी किती जुनी आहे ते पण लिही," आजी म्हणाल्या.

"त्याला जागा नसते, आजी."

"एवढा मोठा देश आणि जागा नाही?"

मग जो गोंधळ उडाला! कोणी म्हणे मंदिराचा फोटो जोड, कोणी म्हणे डबाभर वड्या पाठव. मी हसून हसून भिंतीला टेकले. नात्सुएने माझा हात धरला होता, तीही हसतच होती.

नवं वर्ष लागताच एका दुपारी लायलने दुकानातल्या संगणकावरून कळवून टाकलं. मागे पाचजण दाटीवाटीने उभे, कढई बंद. मिळाल्याची पोच लगेच आली. सेइकेकाकांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"बस? आभारबिभार काही नाही?"

"नाही, काका."

"उद्धट लोक. पुढच्या वर्षीही तूच कर हे खजिनदारीचं काम, तुला त्यांची सवय आहे. आणि ऐक, रविवारी गटार साफ करायचंय. सहाला फावडं घेऊन ये."

गटार साफ करायच्या दिवशी आजवर लायलला नुसतं फोटो काढायला उभं करायचे. पाहुणा ना तो! नात्सुएने माझ्याकडे पाहिलं. लायल सरळ मागच्या खोलीत गेला आणि सगळं सामान उपसून फावडं शोधायला लागला.

त्याला सर्दी लवकर होते आणि गटाराचं पाणी बर्फासारखं असतं. जाड मोजे काढून ठेवलेत मी, दोन जोड.