गावड्यांची पाठ सरळ कोण करणार?

माणूस पालथा झोपला की खरं बोलतो, हे मला कुवेतने शिकवलं. नव्वदच्या दशकात खैतानच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होतो. टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही, आणि तोंड तेवढं मोकळं असतं! त्यामुळे किती पाठी सरळ झाल्या देव जाणे, किस्से मात्र ढिगाने जमले.

*

पहिली अडचण म्हणजे मी नक्की कोण, हेच आपल्या लोकांना कळायचं नाही. कुवेतच्या सलवा भागात काळे नावाचे पुण्याचे इंजिनिअर राहायचे. मान आखडली म्हणून माझ्याकडे यायचे. त्यांच्याकडे गणपतीच्या जेवणाला गेलो, तर वहिनींनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "हे आमच्या ह्यांची मालिश करतात."

मी पोश्चर, मणके, स्नायू असं सगळं पाच मिनिटं समजावून सांगितलं. वहिनींनी मान डोलावली आणि मुलाला हाक मारली, "अरे, काकांना नमस्कार कर."

मुलगा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "हॅलो, मसाज अंकल!"

*

सगळ्यांत हट्टी पेशंट म्हणजे गावडे. कुडाळकडचे सुतार, पन्नाशीचे, क्लिनिकच्या मागच्या गल्लीत एका खोलीत सहा जणांत राहणारे. आले तेच कमरेत पुढे झुकून, डावीकडे कलून. दीड महिन्याने रजेवर निघायचं होतं, मुलीच्या लग्नाला. दोन वर्षांनी घरी!

"डॉक्टर," ते म्हणाले, "चेडवाच्या लग्नात मी असो वाकून उभो रवलंय, तर व्याही काय म्हणतले? ह्यो बापूस येता-जाता सगळ्यांच्या पायाच पडता!"

मी हसलो. ते हसले नाहीत. लेकीच्या लग्नात ताठ उभं राहता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते मागताना त्यांचे डोळे भरले होते. मग मलाच माझी लाज वाटली.

मी डॉक्टर नाही, हे सांगणं मी तोवर सोडून दिलं होतं. मालिशवाल्यापेक्षा बरं!

*

आधी कुणाला दाखवलं, असं विचारलं तर मोठी यादीच निघाली. पहिला नंबर सलूनवाल्याचा. त्याच्याकडे केस कापले की मान फुकटात मोडून मिळायची. गावड्यांनी सांगितलं, दुखणं मानेचं नाही, कमरेचं आहे.

"सब एक ही हड्डी है, भाई!" असं म्हणून त्याने कडकन मान मोडली. पुढचे चार दिवस गावड्यांना डावीकडे बघता येईना. साइटवर त्या बाजूने कुणी हाक मारली की ते अख्खे वळायचे, हातात फळी असेल तर फळीसकट!

*

मग कुणीतरी जहऱ्याच्या एका पहिलवानाचं नाव सुचवलं. तो म्हणे पाठीवर चालून पाठ सरळ करतो. गावडे शुक्रवारची सुट्टी साधून बसने तिथवर गेले. पहिलवान चांगला शंभर किलोचा.

"चढला तो पाठीवर?" मी विचारलं.

"चढलो, पण उतरूकच नाय! मधेच तेचो गाववालो इलो. ह्यो माझ्या पाठीर उभो रवान तेच्याशी गजाली मारीत रवलो!"

*

शेवटी आमच्याच क्लिनिकमधले हाडांचे डॉक्टर. इजिप्तचे, स्वभावाने गोड. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, "माफी मुश्किल" म्हणजे काही अडचण नाही म्हणाले, आणि गावड्यांना माझ्याकडे पाठवलं.

गावड्यांना ते काही पटलेलं नव्हतं. "तेंची पाठ बघितलास? माझ्यापेक्षा वाकडी! जेका सोताची सरळ करूक जमना नाय, तो माझी काय करतलो?"

*

आता माझी पाळी. कुणाकडे जावं असं लोक विचारायचे, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असे. पाठीला हात लावण्याआधी जो प्रश्न विचारतो, त्याच्याकडे जा! मी गावड्यांना चांगले वीस प्रश्न विचारले. काम कसं करता, वजन कसं उचलता, गादी कशी आहे.

"गादी बरी आसा," ते म्हणाले. मी लिहून घेतलं.

व्यायाम सुरू केले. वाकायचं ते कमरेतून नाही, गुडघ्यातून, हे रोज घोटून घेतलं. "ढोपरातसून," ते शाळेतल्यासारखं म्हणून दाखवायचे. संध्याकाळी माझ्याकडून निघताना माणूस ताठ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडा! तीन आठवडे हेच. रजा जवळ येत चालली आणि माझा धीर सुटला. एका शुक्रवारी मी सरळ त्यांची खोलीच गाठली.

गादी खरंच बरी होती. गादीखाली दोन ब्लँकेटं, साड्या, साबणाच्या वड्या, सरबताच्या पावडरीचे डबे आणि जावयासाठी इस्त्री! सहा माणसांत कपाट एकच, म्हणून घरी न्यायची दोन वर्षांची खरेदी गादीखाली. मधोमध टेकडी आणि डावीकडे उतार. बाकीच्या पाचांच्या गाद्याही डोंगराळच होत्या.

"अहो गावडे, हे सांगायचं नाही?"

"तुमी गादी विचारलास. गादीखाली काय आसा, ता विचारूक नाय!"

सगळं सामान टॅक्सीत घालून माझ्या घरी आणलं. बायको म्हणाली, "क्लिनिक चालवतोस की गोदाम?"

*

तीन आठवड्यांनी मी ते सामान पोचवायला विमानतळावर गेलो. गावडे शिडीसारखे ताठ उभे! खोलीतले सगळे निरोप द्यायला आलेले. मी जरा जवळ सरकलो, म्हटलं चार शब्द आपल्याबद्दलही ऐकावेत. गावडे त्यांना सांगत होते, "सलूनवाल्याचो गुण उशिरा इलो, पण इलो!"

*

दोन महिन्यांनी ते परतले, आमसुलं आणि लग्नाचा आल्बम घेऊन. पहिल्याच फोटोत मांडवाच्या दारात गावडे ताठ, व्याह्यांपेक्षा दोन बोटं उंच. दुसऱ्यात तसेच, तिसऱ्यात तसेच. मी कॉलर ताठ करून पानं उलटत होतो.

शेवटचा फोटो मुलीच्या पाठवणीचा. त्यात गावडे चांगलेच खाली गेलेले आणि लेक गळ्यात पडलेली.

"हे काय, गावडे? पुन्हा वाकलात?"

"चेडू उंचीक कमी, डॉक्टर. हात गळ्यापर्यंत पोचनत नाय." त्यांनी नाक ओढलं. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "पण नीट बघा. कमरेतसून नाय. ढोपरातसून!"