आवडाबाईची तहान

ठाण्याच्या खाडीला सुकती लागली, पाणी मागे सरलं, की कोळीवाड्यातल्या बायका चिखलात उतरायच्या. आवडाबाई सगळ्यांच्या पुढे. बिळातून निवटे मासे ओढून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा लवकर गेला. मुलीला, मनालीला, तिने या चिखलावरच वाढवलं.

गेल्या भाद्रपदात कालवाच्या शिंपल्याने तिची टाच कापली. तिने मनावर घेतलं नाही. मग ताप चढला, डोळे पिवळे झाले आणि लघवीच बंद पडली. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोचा जंतू जखमेतून अंगात शिरला होता आणि दोन्ही किडन्यांवर उतरला होता. जीव वाचला, पण एकाआड एक दिवस वर्तकनगरच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं.

सुया, यंत्र, मानेतली नळी, सगळं तिने सोसलं. सोसवेना ती तहान. लघवी होत नाही म्हटल्यावर पाणी घोटघोट. शेजारी कुणी माठात तांब्या बुडवला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा.

वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असलेल्या मनालीने एकदा फोनवर जाहिरात दाखवली. कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या, सुईने टोचायच्या, की किडनी नव्यासारखी.

"चल, आथाच जाव!" आवडाबाई उठूनच बसली.

पुढच्या डायलिसिसला मनालीने आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली.

"मोठ्या माणसाच्या हाडातल्या मगजात स्टेम सेल असतात, हे खरं. प्राण्यांवर प्रयोग झालेत. त्या पेशी स्वतः किडनी होत नाहीत, पण त्यांच्यातून जे झिरपतं त्याने जखम भरायला मदत होते असं दिसलंय. माणसांत अजून काही पक्कं नाही. असं बाहेर कुणाकडून टोचून घेऊ नका."

"मंग माझं काय?" आवडाबाईने विचारलं.

"तुमच्या किडन्या आधी धडधाकट होत्या, मावशी. आतल्या नळ्यांचं अस्तर जळालंय. ज्या पेशी वाचल्यात त्या वाढून ते झाकतात. शरीर आपलं आपण करतं ते. करेलच असं मी सांगू शकत नाही. वाट पाहू."

वाट बघणं तिला जमणारं नव्हतं. घरी येऊन ती लेकीशी बोलेना. "तुझं काय जातं? तू घटाघटा पितेस," एवढंच एकदा म्हणाली. मनाली त्यानंतर तिच्यासमोर पाणी प्यायची बंद झाली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी, मनाली कामावर असताना, आवडाबाई एकटीच खाडीच्या बांधावर गेली. लांब शेजारची शांताबाई चिखलात वाकलेली दिसत होती. खारट, कुजट, ओळखीचा वास आला. पाय शिवशिवले. बांधावर शांताबाईची पाण्याची मोठी बाटली होती. आवडाबाईने ती उचलली आणि तळ दिसेपर्यंत तोंडाची काढली नाही. इतकं गोड काही तिने आयुष्यात चाखलं नव्हतं.

संध्याकाळी छातीत पाणी भरलं. श्वास पुरेना. मनालीने रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आये, कशाला केलंस गं असं?"

"मना पानी पायजे व्हतं," ती धापा टाकत म्हणाली. "पोटभर."

त्या खेपेला यंत्राने तिला ओढून काढलं. नंतर ती मुकाट्याने पथ्य पाळू लागली. आणि पौषात, कुणी काही न टोचता, लघवी थोडी थोडी वाढली. डायलिसिसच्या पाळ्यांमधलं अंतर आधी वाढलं, मग डायलिसिस थांबलं. मानेतली नळी काढली त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किडन्या पूर्वीइतक्या जोमाच्या नाहीत, पण चालतायत. पाणी प्या. चिखल मात्र नाही. आता पुन्हा मार बसला तर झेपायचा नाही."

घरी मनालीने माठातला तांब्या भरून दिला आणि स्वतःलाही घेतला. मायलेकी उंबऱ्यात बसून प्यायल्या.

आता आवडाबाई नाक्यावर दुसऱ्यांनी आणलेलं म्हावरं विकते. गिऱ्हाईक नसलं की भरती-सुकतीचा हिशेब मनात आपोआप चालतो. परवा शांताबाई खाडीवरून टोपली घेऊन, चिखलाच्या पायांनी घरी निघाली तशी तिने हाक मारली, "जरा ये गं इकडं!"

"काय पायजे?"

"काय नाय. पाय धुवू नको येताना. तशीच ये."