सावकाश झालेले बाळंतपण

डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षे झाली होती. बाळंतपणे पुष्कळ पाहिली. बहुतेकांची आता आठवण नाही. एकीची आहे.

सातव्या महिन्यात ती सासूबरोबर आली. पहिले बाळंतपण माहेरी, घरीच झाले होते. मूल वजनदार होते आणि पोटात वर तोंड करून होते. कळा लांबल्या. मग शेजारणींनी पोटावर भार देऊन मूल खाली ढकलले. मूल जगले, मात्र ती गुदद्वारापर्यंत फाटली. मल रोखून धरणारा स्नायू तुटला. नांदेडला शस्त्रक्रिया होईपर्यंत ती शेतात निंदणाऱ्या बायकांत बसली नाही, एस.टी.त चढली नाही, कोणाच्या लग्नाला गेली नाही. शस्त्रक्रियेनंतर सारे पूर्ववत झाले होते. आता पुन्हा दिवस गेले होते.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘म्या पुन्यांदा तशी घरात कोंडून बसनार न्हाई.’

एवढेच बोलली. तिला काय हवे आहे ते मला कळले.

वजन केले. वाढायला हवे तेवढे वाढलेले नव्हते. जेवतेस का, म्हणून विचारले तर तिने सासूकडे पाहिले. सासू उंच, हाडकुळी, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा.

‘अर्धीच भाकर देऊन राहिले तिला,’ सासू म्हणाली. ‘लेकरू बारीक राह्यलं तर फाटायचं न्हाई.’

‘कोणी सांगितले?’

‘सांगायला कशाला पाहिजे? दार तेवढंच, मंग येनारा पाव्हना बारीक नको?’

‘आत्याबी अर्धीच खाऊन राहिल्यात,’ सून हळूच म्हणाली.

‘तुमी काहून?’ केंद्रातल्या सिस्टरने विचारले.

‘तिच्या म्होरं बसून म्या अख्खी खाऊ व्हय? घशाखाली उतरंल का?’

सिस्टर हसली. मी हसलो नाही, पण त्या बाईकडे नीट पाहिले. चूक होती, धोक्याची होती. तरी ती चूक तिने स्वतःच्या ताटातही वाढून घेतली होती.

मी सरळ सांगितले. उपाशी आईचे मूल अशक्त निपजते, आणि फाटायचे टळतेच असे नाही. मूल मोठे असणे हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. पहिलटकरणीला धोका अधिक. मुलाचे तोंड वर असेल तर अधिक. चिमटा लावून ओढावे लागले, चीर मागच्या बाजूला सरळ दिली, शेवटचे ढकलणे फार लांबले, किंवा डोके एकदम बाहेर आले, तर अधिक. आणि एकदा तशी फाटलेली बाई पुन्हा तशी फाटण्याचा धोका इतरांहून जास्त. बहुतेकींना तसे पुन्हा होत नाही. हमी मात्र नाही. पोटावरून शस्त्रक्रिया करून मूल काढता येते. तिचेही धोके आहेत.

तिला हिंगोलीच्या शल्यचिकित्सकांकडे पाठवले. शिवण भक्कम आहे, खालून किंवा पोटावरून, दोन्ही पर्याय खुले आहेत, निर्णय तिने करावा, असे त्यांनी सांगितले. परत येऊन ती म्हणाली, ‘पोट कापायचं न्हाई. पर कोनी घाई करायची न्हाई. अन् पोटावर कोनी हात ठिवायचा न्हाई.’

मी होकार दिला.

हळद शिजवण्याच्या दिवसांत, भर दुपारी ती आली. दवाखान्यापर्यंत कढईचा वास येत होता. गरज पडली तर हिंगोलीला नेण्यासाठी जीप दारात उभी केली. मुलाचे तोंड खालच्या बाजूला होते. ते अनुकूल होते. सासूला मी बजावले, ‘आत थांबायचे तर शब्द काढायचा नाही.’

‘तोंडात पदर कोंबते,’ ती म्हणाली. आणि खरोखरच कोंबला.

सिस्टरने सुनेला डाव्या कुशीवर निजवले. गरम पाण्यात पिळलेले कापड खाली धरले. डोके दिसू लागले तेव्हा एक हात डोक्यावर, एक खालच्या कातडीवर ठेवून ती म्हणाली, ‘आता जोर करू नको. दूध निववतेस तशी फुंकर मार.’

सून फुंकर मारू लागली. सासूने पदर काढला आणि तीही ओठांचा चंबू करून फुंकू लागली. तिला कोणी अडवले नाही.

मी सुईदोरा मांडून उभा होतो. ती कातडी ताणत गेली. आधी लाल, मग पांढरी, मग इतकी पातळ की खालच्या काळ्या केसांचा आभास व्हावा. अशी दृश्ये मी पूर्वी पाहिली होती. पण मी नेहमी पुढच्या कामाच्या विचारात असे. त्या दिवशी करण्यासारखे काही नव्हते. फक्त पाहायचे होते. डोके एक दाणाभर पुढे येई, अर्धा दाणा मागे जाई. कोणी ओरडत नव्हते. तीन बायकांचा श्वास ऐकू येत होता. मनुष्यदेहाचा एवढासा भाग, कोणी त्याचे नाव घेत नाही, आणि तो एका माणसाला जगात येऊ देण्यासाठी स्वतःच्या मर्यादेपलीकडे पसरत होता. माझे हात जोडले गेले नाहीत; ते हातमोज्यांत होते.

कपाळ आले. नाक. हनुवटी. मग खांदे, सावकाश.

मूल रडले. सिस्टरने ते आईच्या छातीवर दिले. वार पडल्यावर मी तपासले. वरवरची एक चीर होती. मग गुदद्वारातून बोट घालून तिला म्हणालो, ‘आवळ.’

तिने आवळले. पकड सगळीकडून सारखी, घट्ट होती. मी पुन्हा आवळायला सांगितले, खात्रीसाठी. खरे तर पहिल्या वेळीच खात्री झाली होती.

‘साहेब?’ ती म्हणाली.

‘शाबूत आहे. वर दोन टाके पडतील.’

तिने डोळे मिटले. मग सासूने सुनेच्या छातीवरच्या दुपट्याची घडी उचलली आणि पहिल्यांदाच आत पाहिले. त्या भागात, त्या काळात, मूल बाहेर येताच मुलगा की मुलगी हे कोणी विचारले नाही, असे मी त्याआधी पाहिले नव्हते.

‘पोरगी हाय,’ ती सुनेला म्हणाली. ‘तुझ्यावानीच नाक.’