काकांची टक् वाजणारी वायर

समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतकी वायरवर माया करणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात सापडायचा नाही. आकाश बघायची त्यांची एक जुनी दुर्बीण होती, पण जीव सगळा तिच्या वायरवर. हातातल्या बटणांच्या डबीपासून दुर्बिणीपर्यंत जाणारी, जुन्या टेलिफोनला असे तसलीच. पिन खोचली की टक् वाजे. "ऐकलंत ताई? लागली! पासवर्ड नाही, अपडेट नाही," असं ते मला लिफ्टसमोर थांबवून सांगत. मला दोन्हीतलं काही कळत नाही. पण एवढा शिकलेला माणूस आपल्याला समजावतोय म्हणून मी "हो ना" म्हणे आणि लिफ्ट निघून जाई. दमट हवेने वायर खराब होऊ नये म्हणून ते ती बरणीत ठेवत. बरणी मीच दिलेली, त्यामुळे दुर्बिणीला कैरीच्या लोणच्याचा वास येई.

मग त्यांची मुलगी त्यांना शहराच्या दुसऱ्या भागात, बुकित तिमाहला, आपल्या कॉन्डो फ्लॅटमध्ये न्यायला आली. तिने फोनवर चालणारी नवी दुर्बीण आणली होती. "बाबा, जागा एकीलाच आहे. जुनी भंगारात."

काकांचा चेहरा उतरला. "जी आधी शनी दाखवेल ती येईल. ताई सांगतील ते खरं."

चौथी पास बाई आयुष्यात पहिल्यांदा परीक्षक झाली!

दिवेलागणीला आम्ही बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर गेलो. मुलीच्या फोनने नव्या दुर्बिणीचं वाय-फाय धरलं, त्यात इंटरनेट नाही म्हणून सोडलं, परत धरलं, परत सोडलं. इकडे टक् वाजलं आणि जुनी दुर्बीण घुर्र करत वळली.

"बघा ताई!"

मी वाकले आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. शनीच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यात मुलाची साडेसाती नुकतीच संपलेली.

"दिसला?" काकांनी विचारलं.

"मावशी, डोळे तर उघडा!" मुलगी हसली. "नाहीतर थांबा, माझं होतंच आहे कनेक्ट."

काकांनी वायर मुठीत घट्ट धरली होती. मी मनातल्या मनात शनीची माफी मागितली आणि एक डोळा उघडला. एवढासा पिवळा मणी, भोवती कडं.

"दिसला!" मी केवढ्याने ओरडले! गाडी लावणारा माणूस दचकून गाडीतून खाली उतरला.

जुनी दुर्बीण काकांच्या मांडीवर बसून टॅक्सीने गेली.

परवा त्यांचा फोन आला. "इथे समोर इमारतीच इमारती, आभाळ दिसतच नाही हो. येता का एखाद्या रविवारी? नुसत्याच गप्पा मारू."

मी आनंदाने मान डोलावली. फोनवर!

"हॅलो? ताई? कट झाला वाटतं," म्हणत त्यांनी ठेवून दिला.

मग मी त्या बंद फोनला म्हणाले, "येते ना, काका."