चुन्याच्या रेषेची साक्ष

दौंडच्या मैदानाला आमच्या फुटबॉल क्लबच्या लाडक्या खेळाडूचं नाव द्यायचं घाटत होतं. त्याच्याच संघात जन्मभर पळालो मी आणि हार त्याच्या गळ्यात! सभेत विरोध करायला साक्षीदार हवा, म्हणून मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या मामांना गाठलं. त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. डबा हलवत ते वाकून उलटे चालत होते.

“मामा, खरं सांगा, तो कधी पळायचा का?”

“न्हाई. तो उभा ऱ्हायचा तिथं गवत उगवायचं.”

मी खूश. “आन् मी?”

“तुमच्या बाजूची रेघ रोज पुसून जायची. लई पळायचा तुम्ही.” मामांनी डबा ठोकला. “त्यानं टाकलेल्या बॉलमागंच की!”

सभेत मी त्याच्या नावाला होकार दिला. फक्त घासाघीस करून चार फुटांची पाटी दोन फुटांवर आणली.