रिकामं जॅकेट

मालवणच्या जेटीवर आम्ही बोटीची वाट बघत होतो. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली होती, पण उकाड्यामुळे पट्टे कुणीच बांधले नव्हते. किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या सुलभाताई पुन्हापुन्हा सांगत होत्या, "पट्टे आवळा हो." आम्ही हसून माना डोलावत होतो.

शेवटी त्यांनी स्वतःच्या जॅकेटचे पट्टे सोडले आणि सरळ पाण्यात उडी मारली.

जॅकेट वर आलं. त्या आल्या नाहीत.

कुणीतरी किंचाळलं. केशरी जॅकेट लाटांवर निवांत डुलत होतं. अंगावर घेतलेली गोष्ट आपली झालीच, असं आपण किती सहज धरून चालतो! त्या रिकाम्या जॅकेटात मला एकेक करून माझी सगळी माणसं दिसली.

मग जेटीच्या पायऱ्यांपाशी सुलभाताईंचं डोकं वर आलं. "बघितलंत?" धापा टाकत त्या म्हणाल्या. "जाकीट तरंगलं, बाई बुडाली."

कुणीच हसलं नाही. रस्ता ओलांडतानाही कधी माझा हात न धरणारा माझा नवरा खाली वाकला आणि माझे पट्टे बांधू लागला.

"घट्ट होतंय का?"

श्वास अडकत होता, तरी मी म्हटलं, "अजून आवळ."